नायट्याच्या औषधासोबतचा कागद: त्यातलं तुमच्या कामाचं काय?

बुरशीच्या औषधाच्या खोक्यात घड्या घालून कोंबलेला कागद असतो. अक्षर मुंगीएवढं, भाषा इंग्रजी. त्यावर बहुतेकदा छापलेलं असतं की हा मजकूर फक्त नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेसाठी आहे. तेव्हा तो डोक्यावरून गेला तर त्यात तुमचं काही चुकलं नाही. सुट्या गोळ्या घेतल्या तर तोही मिळत नाही. नायटा, गजकर्ण, नखांची बुरशी यांचे उपचार मात्र आठवडेच्या आठवडे चालतात. म्हणून गरजेपुरतं इथे मराठीत.

आधी ट्यूब उलटी करून घटक वाचा. क्लोट्रिमाझोल, टर्बिनाफिन, ल्युलिकोनाझोल ही बुरशीवरची औषधं. जोडीला क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. खाज पटकन थांबते, लाली उतरते, आणि बुरशी पसरतच राहते. चट्ट्याचं रूप असं पालटतं की डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं. जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे चरे पडतात ते वेगळंच. शेजाऱ्यांना गुण आला म्हणून तीच ट्यूब मागू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही दुकानातून ती देत नाही.

इट्राकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाची साधी कॅप्सूल भरल्या पोटी, जेवण झाल्या झाल्या घ्यायची. ती अंगी लागायला पोटातलं आम्ल लागतं. रोज सकाळी पित्ताची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर महागडं औषध वाया जातं. याच औषधाचा 65 मिलिग्रॅमचा नवा प्रकारही येतो. ‘100ची लिहिली होती, कमी पॉवरची का दिली?’ असं बरेच जण विचारतात. त्याची घडण वेगळी असल्याने 65 साध्या 100च्या तोडीचं पडतं. तरी डॉक्टरांनी लिहिलेला प्रकार आपल्या मनाने बदलू नये.

‘कॉन्ट्राइंडिकेशन्स’ या मथळ्याखाली औषध कोणी घेऊच नये ते दिलेलं असतं. इट्राकोनाझोल कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिनसोबत चालत नाही. हृदय कमजोर असलेल्यांनी तर नखांच्या बुरशीसाठी ते घेऊच नये. फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्याच दुसऱ्या औषधामुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. टर्बिनाफिनच्या गोळ्यांनी क्वचित तोंडाची चव जाते. डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आधी सांगा. काउंटरवर भिंग ठेवलं आहे. येताना घरात चालू असलेल्या बाकीच्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा, नावं जुळवून पाहू.