बुधचे सुखात्मे आणि पीक कापणीचा नमुना

जिल्ह्याचं हेक्टरी उत्पादन सगळी शेतं कापून कुणी काढत नाही. पूर्वी ते नजरेनेच ठरायचं. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, त्या मापाने आणेवारी लागायची. सनदी अधिकारी हबॅक यांनी बिहार-ओरिसात चिठ्ठ्या टाकल्यागत निवडलेल्या छोट्या तुकड्यांवरचं भात कापून मोजलं. त्यांचा अहवाल 1927चा. पुढे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी बंगालात तागासाठी हीच वाट मोठ्या प्रमाणावर नेली.

साताऱ्याच्या खटाव तालुक्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनमध्ये नमुना-निवडीचे जाणकार नेमन यांच्या हाताखाली शिकले आणि परत आल्यावर कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगतं, हे त्यांनी 1946 मध्ये दाखवून दिलं. दोष कडेचा. 1 मीटर चौरसात दर चौरस मीटरला 4 मीटर कड येते, 10 बाय 5 मीटरच्या प्लॉटात फक्त 0.6. प्लॉटभोवतीच्या दोरीवर आलेलं रोप कापणाऱ्याचा हात सहसा आतच ओढतो. म्हणून नियम असा, की बुडखा आत असेल तरच रोप धरायचं.

प्लॉटची जागाही मनाने ठरवायची नाही. शेत 70 बाय 40 मीटर असेल तर प्लॉटची लांबी-रुंदी वजा करून 60 आणि 35 उरतात. नैर्ऋत्य कोपऱ्यापासून तेवढ्या मर्यादेतले दोन यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यागत निघालेले, अंक मोजत गेलं, की पहिली खुंटी तिथे.

खरी मेख मात्र गावांत आहे. निवड टप्प्याटप्प्याने होते: आधी तालुक्यातली गावं, मग गट नंबर, शेवटी प्लॉट. एका गावात माती, पाऊस, पाटाचं पाणी सारखंच, त्यामुळे दहावं शेत फारसं नवं काही सांगत नाही. हे साम्य 1 पैकी 0.3 असेल आणि दर गावी 10 शेतं घेतली, तर विचरण, म्हणजे अंदाजातला चढउतार मोजणारा आकडा, सुटी शेतं घेण्याच्या मानाने 1 + 9 × 0.3 म्हणजे 3.7 पट होतं. 100 शेतांची किंमत जेमतेम 27 सुट्या शेतांएवढी उरते. तीच 100 शेतं दर गावी 2 प्रमाणे 50 गावांत विभागली तर किंमत 77 वर जाते. पायपीट वाढते, पण वाढवावी ती गावांचीच संख्या. माणचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, महाबळेश्वरचा काही हजार. अशा जिल्ह्यात तालुकावार स्तर, म्हणजे वेगळे भाग, न पाडता काढलेली सरासरी कुठल्याच शेताला लागू पडत नाही. तालुक्यांच्या सरासऱ्या एकत्र करताना पेरणी क्षेत्राचा भार द्यायलाच हवा.

सगळ्यात जास्त घोटाळा बदली शेतात होतो. निवडलेलं शेत आधीच कापलं गेलेलं असतं, मग रस्त्याकडेचं सोयीचं घेतलं जातं. अशा वेळी यादृच्छिक यादीतला पुढचा क्रमांक घ्यायचा, मग तो ओढ्यापलीकडचा का असेना.