प्लाझ्मा स्प्रे कोटिंग पावसाळ्यात मेगरवर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या मीटरवर) नापास का होतं, त्यामागची पार्श्वभूमी

मोटरच्या बेअरिंगवर बाहेरून जो सिरॅमिकचा थर असतो ना, ते तंत्र वाढलं ते उष्णता अडवायला, करंट अडवायचं काम त्याच्याकडे नंतर आलं. आणि टेस्टिंगचे निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात असं माझं स्पष्ट मत आहे.

धातू वितळवून फवारायची पद्धत स्वित्झर्लंडच्या माक्स शूप यांची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. पण अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड हे सिरॅमिक, वितळायला २००० अंशांच्या वर जावं लागतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत प्लाझ्मा टॉर्च आली, तिच्यात १०,००० अंशांच्या वर तापमान, मग काय, सिरॅमिक पावडर आरामात फवारता यायला लागली. १९७६ मध्ये नासाच्या लुईस सेंटरने जे-७५ जेट इंजिनमध्ये टर्बाइन ब्लेडवर झिर्कोनियाचं (झिर्कोनियम ऑक्साइड या सिरॅमिकचं) कोटिंग चालवून बघितलं, पुढे नासाचेच संशोधक स्टेकुरा यांनी दाखवलं की त्यात ६ ते ८ टक्के यट्रिया (यट्रियम ऑक्साइड) असेल तर ते सगळ्यात जास्त टिकतं. टेस्टही तशाच, तापवा, थंड करा, कितव्या सायकलला पापुद्रा सुटतो ते मोजा, नाहीतर २५.४ मिलिमीटरच्या गोल तुकड्यावर कोटिंग करून इपॉक्सीने दुसरा तुकडा चिकटवा आणि मशीनवर ओढा. त्यात छिद्रं असणं चांगलंच, उष्णता कमी जाते आणि तडा पसरत नाही.

वीज अडवायची म्हटलं की हीच छिद्रं वैरी. शाफ्टमधून करंट वाहतो हे १९२० च्या दशकापासून माहीत होतं, पण १९९० च्या दशकात आयजीबीटीवाले (झटपट चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचे) व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह, आले आणि त्या करंटने बेअरिंगच्या रेसवर (बॉल ज्यावरून फिरतात त्या पृष्ठभागावर) आडव्या रेघांचे पट्टे दिसायला लागले, मग बाहेरच्या रिंगवर साधारण १०० मायक्रॉन अॅल्युमिना फवारून १००० व्होल्ट डीसीला टेस्ट करायची पद्धत रुळली.

आता खरी गोम. संशोधक मॅकफर्सन यांनी १९७३ मध्येच लिहिलं होतं की वितळलेला अॅल्युमिनाचा थेंब झटक्यात गोठला की नेहमीच्या अल्फा स्फटिकरचनेचा न होता गॅमा रचनेचा होतो. हा गॅमा ओलावा धरतो, त्यात थेंबांच्या चकत्यांमध्ये बारीक फटी, म्हणजे दमट हवेत रेझिस्टन्स हजारो पटींनी खाली येऊ शकतो. मी स्वतः जुलैत एक बेअरिंग मेगरवर नापास होताना बघितलंय, कोटिंगला ओरखडासुद्धा नव्हता, ओव्हनमध्ये नीट वाळवून परत लावलं तर काटा सरळ वर. म्हणून फटी रेझिनने सील करतात. माझं तर म्हणणं, रिपोर्टवर मेगओहमच्या शेजारी त्या दिवशीची ह्युमिडिटी लिहिलीच पाहिजे, नाहीतर तो आकडा कशाशी ताडून बघायचा?

आणि मेगर डीसी देतो. व्हीएफडीचा करंट हाय फ्रिक्वेन्सीचा, त्याच्यासाठी १०० मायक्रॉनचा थर म्हणजे कपॅसिटर, त्यामुळे मेगरवर पास झालेल्या बेअरिंगमधूनही थोडा करंट जातोच, तो बघायला इम्पीडन्स (एसी करंटला होणारा विरोध) वेगळा मोजावा लागतो.