मातीतलं खोरं: प्रतिकृतीतून भूगोल शिकवण्याची पार्श्वभूमी

मातीचा डोंगर करून भूगोल शिकवायची कल्पना दोनशे वर्षांहून जुनी आहे. स्वित्झर्लंडमधल्या इव्हर्दाँ गावी शिक्षणतज्ज्ञ योहान पेस्टालॉझी यांची शाळा १८०५ ते १८२५ या काळात चालली. तिथे मुलांना आधी जवळच्या ब्युराँ नदीच्या खोऱ्यात नेत. खोरं नीट न्याहाळून झालं की मुलं तिथलीच चिकणमाती घेऊन परतत आणि पाहिलेलं सगळं मोठ्या टेबलांवर उभं करत. पुढच्या फेरीत आणखी वर जायचं आणि तेवढी भर घालायची. नकाशा दाखवला जाई तो हे काम पुरं झाल्यावरच. भूगोलाचे थोर अभ्यासक कार्ल रिटर यांनी ही शाळा १८०७ मध्ये पाहिली आणि पेस्टालॉझींचं ऋण पुढे उघडपणे मानलं. आधी खोरं, मग माती आणि शेवटी नकाशा, या पद्धतीचा सगळा जीव मला या क्रमात दिसतो.

कोकण किनाऱ्यावर या विचाराला जमीन तयार केली ती बालशिक्षणाने. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. शिंपल्या, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. भूगोलाच्या प्रतिकृती हा काही त्यांचा मुख्य विषय नव्हता, पण शाळेभोवतीच्या वस्तूंतून शिकवता येतं, हे त्यांनी करून दाखवलं. पुढे तिसरीच्या पुस्तकात आपापला जिल्हा आला, आणि शिक्षकाला हाताशी धरायला विषयही मिळाला.

कोकण तर यासाठी फारच सोयीचं. सह्याद्रीत उगम पावलेली वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाते. नदीचा अख्खा प्रवास एका पाटावर मावतो. नारळाच्या सोडणांवर लाल माती थापून डोंगर करावेत, घाटमाथ्यावर तांब्याने पाणी सोडावं. मग भरती म्हणून खाडीच्या मुखाशी ओल्या फडक्याचा बोळा लावावा. पाणी मागे तुंबतं आणि चिपळूणच्या जागेवर पसरतं. जुलै २०२१ चा पूर घरात अनुभवलेल्या मुलांना यावर वेगळं भाषण लागत नाही. प्रदर्शनासाठी पालकांनी रात्री जागून केलेल्या थर्माकोलच्या रंगीत डोंगरावर हे घडत नाही, कारण त्यात पाणी सोडायची सोयच नसते!

एक अडचण मात्र पेस्टालॉझींच्या छोट्या खोऱ्यापेक्षा इथे मोठी आहे. एका किलोमीटरला एक सेंटिमीटर धरलं, तर कोकणची सुमारे ५० किलोमीटर रुंदी अर्ध्या मीटरमध्ये बसते, पण हजार मीटरचा सह्याद्री जेमतेम बोटाच्या नखाएवढा होतो. म्हणून उंची चार-पाच पट वाढवावी लागते. ती किती वाढवली, हे मुलांकडूनच मोजून घ्यावं आणि पाटाच्या कडेला लिहावं. चौथीतल्या मुलांना हे गणित जमतं.