लिहिण्याआधीची रेघ

कामाला आरंभ करण्याला मराठीत ‘श्रीगणेशा करणे’ म्हणतात आणि पहिल्या धड्याला ‘ओनामा’. हे दोन्ही शब्द लेखनाच्या आरंभविधीतून आले आहेत. पोथीच्या माथ्यावर ‘श्रीगणेशाय नमः’ लिहीत आणि धूळपाटीवर मुलाचा हात धरून ‘ॐ नमः सिद्धम्’ गिरवून घेत. आज मुंबईत कोणी नळाला पाणी येण्याआधीची पहाट लेखनासाठी राखून ठेवतो, कोणी ठरलेल्या पेनाशिवाय बसत नाही. अशा सवयींना लहर म्हणतात, ते मला पटत नाही. त्यांचे मूळ जुन्या लेखनाच्या प्रत्यक्ष कष्टांत आहे.

लिहिणाऱ्याला पूर्वी आधी बोरू तासावा लागे, काजळी आणि डिंक खलून शाई करावी लागे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला असून त्यात बोरू, शाई, कागद आणि अक्षराचे वळण यांचा बारकाईने विचार केला आहे. मोडी लिहिणारा कारकून तर आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. त्या एका रेघेत बोरूचे टोक फाटले आहे का, शाई पातळ झाली आहे का, हे कळून येई. शिवाय हात स्थिरावे आणि मनही कागदावर येई. पूजा आणि पूर्वतयारी यांत तेव्हा फारसे अंतर नव्हते.

१८३१मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग छापले आणि पुढच्याच वर्षी ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. छापील पोथ्यांनीही ‘श्रीगणेशाय नमः’ सोडले नाही. मात्र पुढे टाक, मग फाउंटन पेन आले, बाजारची शाई आली आणि हाताची तयारी सुटत गेली. पत्राच्या माथ्यावरचा ‘श्री’ तेवढा टिकला. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिची पूजा करायची, ही रीत त्याच परंपरेतली.

चाळीतल्या एका खोलीत लेखनासाठी वेगळी जागा नसते. म्हणून येथे विधी जागेऐवजी वेळेला आणि साधनाला चिकटला, असे मला वाटते. माझ्या वहीत दर पानावर आधी ‘श्री’ येतो, मग एक आडवी रेघ. ती ओढून होईपर्यंत पहिले वाक्य बहुतेक वेळा सुचलेले असते.