लाट वेगळी, फेरमांडणी वेगळी

अमेरिकेत एखादा पक्ष जोरात जिंकला की दुसऱ्याच दिवशी भाकितं सुरू होतात: हरलेला पक्ष आता पिढीभर उठत नाही. २००४ मध्ये बुश दुसऱ्यांदा निवडून आले तेव्हा हे डेमोक्रॅटांबद्दल बोललं गेलं, २००८ मध्ये ओबामा जिंकल्यावर रिपब्लिकनांबद्दल. दोन्ही वेळा दोन वर्षांत भाकीत तोंडावर आपटलं. २००६ मध्ये रिपब्लिकनांनी काँग्रेसची दोन्ही सभागृहं गमावली, २०१० मध्ये डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृहातल्या ६३ जागा. लाट आणि फेरमांडणी यांत गल्लत केली की असं होतं.

लाटेत मतदार रागावलेला असतो, पण घर सोडत नाही. महागाई, युद्ध, घोटाळा किंवा आपल्याच पक्षाने दिलेला न पटणारा उमेदवार, काहीही कारण पुरतं. राग ओसरला की तो परततो. १९७२ ची निवडणूक घ्या. निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली. मॅकगव्हर्न यांच्या हाती फक्त मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन लागलं. पण त्याच दिवशी काँग्रेसची दोन्ही सभागृहं मात्र मतदारांनी डेमोक्रॅटांकडेच ठेवली. अध्यक्षपदासाठी एकाला, खाली दुसऱ्याला. मध्ये निक्सन यांना पायउतार करणारा वॉटरगेट घोटाळा झाला आणि चार वर्षांत डेमोक्रॅट कार्टर व्हाइट हाउसमध्ये होते.

फेरमांडणीत समाजाचा एक आख्खा गट बिऱ्हाड हलवतो. दोनच पक्ष असलेल्या व्यवस्थेत ही गोष्ट चटकन दिसत नाही, कारण पाट्या त्याच राहतात. वर डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन हीच नावं, आतली माणसं बदललेली.

म्हणून मी निकालाच्या रात्री जिंकणाऱ्यापेक्षा हरणाऱ्याचा नकाशा पाहतो. १९६४ मध्ये जॉन्सन यांना ६१ टक्के मतं मिळाली, रिपब्लिकन गोल्डवॉटर पार झोपले. त्यांना सहाच राज्यं मिळाली. एक त्यांचं स्वतःचं ॲरिझोना. उरलेली पाच मात्र मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना आणि साउथ कॅरोलायना, म्हणजे गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनच्या पक्षाचा, रिपब्लिकनांचा, जिथे जवळपास शतकभर तिटकारा होता तो प्रदेश. जॉर्जियाने तर तोवर एकदाही रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला नव्हता. मिसिसिपीत गोल्डवॉटर यांना ८७ टक्के! कारण उघड होतं: त्याच जुलैत जॉन्सन यांनी वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली होती, गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्याविरुद्ध मत दिलं होतं, आणि मिसिसिपीतल्या बहुतेक कृष्णवर्णीयांना मतदार यादीत नावच लावू दिलं जात नव्हतं. लाट जॉन्सन यांची होती. फेरमांडणीची चाहूल मात्र पडलेल्या उमेदवाराच्या रकान्यात होती.

तरी बिऱ्हाड एका रात्रीत हललं नाही. जॉर्जियाच्या कार्टर यांनी १९७६ मध्ये दक्षिणेतली बहुतेक राज्यं परत मिळवली, आणि दक्षिणेतून प्रतिनिधिगृहात जाणाऱ्यांत रिपब्लिकनांचं बहुमत व्हायला १९९४ उजाडलं. सगळ्यात आधी अध्यक्षपदाचं मत फिरतं, मग काँग्रेसचं, मग राज्याचं विधिमंडळ, आणि सगळ्यात शेवटी मतदार नोंदणीतला पक्ष (तिथे बऱ्याच राज्यांत मतदार नाव नोंदवताना आपला पक्षही नोंदवतो). कोळशाच्या खाणींचं वेस्ट व्हर्जिनिया याचा सरळ नमुना आहे. १९८० मध्ये रेगन यांच्या लाटेतही ते कार्टर यांच्याकडे राहिलं. २००० पासून तिथे अध्यक्षपदाला रिपब्लिकनच जिंकतात. विधिमंडळ २०१४ च्या निवडणुकीत फिरलं. नोंदणीकृत रिपब्लिकन मात्र डेमोक्रॅटांपेक्षा जास्त झाले ते २०२१ मध्ये. उलट्या दिशेचं उदाहरण व्हरमाँट: १८५६ ते १९६० दर वेळी रिपब्लिकन, १९३६ च्या रूझवेल्ट लाटेतही ढळलं नाही, आणि १९९२ पासून सलग डेमोक्रॅट.

फेरमांडणीला मोठा विजय लागतोच असंही नाही. १८६० मध्ये लिंकन जेमतेम ४० टक्के मतांवर अध्यक्ष झाले, पण आधीच्या दोन मोठ्या पक्षांपैकी एक, व्हिग पक्ष, तोवर संपलेला होता आणि गुलामगिरीच्या प्रश्नावर नवी फळी उभी राहिली होती. ब्रिटनमध्ये १९०६ ला लिबरल पक्षाची प्रचंड लाट आली. त्यातच मजुरांच्या प्रतिनिधींनी, म्हणजे पुढच्या लेबर पक्षाने, २९ जागा मिळवल्या, त्यातल्या बऱ्याचशा लिबरलांनी समझोत्याने सोडलेल्या. १९२४ मध्ये लिबरल ४० जागांवर होते आणि लेबरचं पहिलं सरकार येऊनही गेलं होतं. आपल्याच हाताने वाट करून दिली, दुसरं काय.

आता आजचा प्रश्न: लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, मतदार रिपब्लिकनांकडे झुकताहेत ती लाट की फेरमांडणी? टेक्सासच्या मेक्सिको सीमेवरच्या स्टार काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जवळपास सगळी वस्ती लॅटिनो. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना तिथे ७९ टक्के, २०२० मध्ये बायडेन यांना ५२ टक्के, आणि २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले. रिपब्लिकन उमेदवाराने तिथे बाजी मारली ती १८९२ नंतर पहिल्यांदा. नुसत्या २०२४ वर थांबलो तर महागाईचा राग म्हणून सोडून देता येईल. पण लागोपाठच्या निवडणुकांत एकाच दिशेने घसरण होते, तेव्हा मला लाट हा शब्द अपुरा वाटतो. अडचण एवढीच की तिन्ही वेळा मतपत्रिकेवर नाव ट्रम्प यांचंच होतं. माणूस फिरवतोय की पक्ष फिरलाय, हे वेगळं काढता येत नाही. बाविसाव्या घटनादुरुस्तीनुसार दोनदा निवडून आलेला अध्यक्ष तिसऱ्यांदा निवडून येऊ शकत नाही. त्यामुळे २०२८ मध्ये रिपब्लिकनांचा उमेदवार दुसरा कोणी असेल. स्टार काउंटीचा तेव्हाचा आकडा मी आधी पाहणार आहे, व्हाइट हाउस कोणाला मिळालं ते नंतर.