शेव्हरोले कॅमारो झेड/२८

कॅमारो झेड/२८ ही जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाने १९६७ ते १९६९ या मॉडेल-वर्षांत शर्यतीच्या नियमावलीवर डोळा ठेवून बांधलेली अमेरिकन मोटार. साधी कॅमारो सप्टेंबर १९६६ मध्ये विक्रीस आली. फोर्डच्या मस्टँगने एप्रिल १९६४ पासून मिळवलेल्या बाजारपेठेला शेव्हरोलेने दिलेले ते उत्तर होते. मसल कार म्हटले की लहान अंगाच्या गाडीत कोंबलेले भले मोठे व्ही-८ इंजिन डोळ्यांसमोर येते, आणि कॅमारोच्या ‘एसएस’ आवृत्तीत ६.५ लिटरचे तसे इंजिन मिळतही असे. झेड/२८ चे इंजिन मात्र पाच लिटरच्याही आत आहे. तरीही जाणकार जिला पहिला मान देतात ती कॅमारो हीच, कारण तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग शर्यतीच्या कुठल्या ना कुठल्या कलमाशी जोडता येतो.

नियम आणि इंजिन

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेने १९६६ मध्ये चार आसनी गाड्यांसाठी ट्रान्स-अ‍ॅम ही शर्यतमालिका सुरू केली. वरच्या गटात इंजिनाची मर्यादा ५ लिटर, म्हणजे ३०५ घन इंच होती. शेव्हरोलेकडे त्या वेळी २८३ आणि ३२७ घन इंचांची व्ही-८ इंजिने होती. पहिले मर्यादेच्या बरेच खाली, दुसरे वर. कंपनीतील अभियंते व्हिन्स पिगिन्स यांच्या पुढाकाराने जो मार्ग निघाला तो सोपा आणि फार हुशारीचा होता: ब्लॉक ३२७ चा घ्यायचा आणि त्यात २८३ च्या स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली प्रवासाचा) क्रँकशाफ्ट बसवायचा. बोअर (सिलिंडरचा व्यास) १०१.६ मिमी, स्ट्रोक ७६.२ मिमी. आठ सिलिंडरांचे मिळून ४,९४२ घन सेंमी होतात. हेच ‘३०२’ इंजिन.

बोअर मोठा आणि स्ट्रोक आखूड ठेवल्याचे दोन फायदे झाले. रुंद सिलिंडरमुळे मोठ्या व्हॉल्व्हांना जागा मिळाली (इनटेक २.०२ इंच, एक्झॉस्ट १.६० इंच). शिवाय पिस्टनला कमी अंतर कापावे लागत असल्याने फेरे वाढवूनही ताण आवाक्यात राहिला. मिनिटाला ७,००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८ मीटरच्या आत राहतो. घडवलेल्या पोलादाचा क्रँकशाफ्ट, ११:१ कॉम्प्रेशन, अ‍ॅल्युमिनियमचा उंच इनटेक मॅनिफोल्ड आणि मिनिटाला ७८० घनफूट हवा घेणारा होली कार्ब्युरेटर असा बाकीचा सरंजाम होता. कागदावर ताकद २९० अश्वशक्ती लिहिली होती. ती ५,८०० फेऱ्यांची आहे, आणि इंजिन खरे रंगात येते ते त्याच्याही वर. त्यामुळे हा आकडा मुद्दाम कमी सांगितलेला, असेच सर्वसाधारण मत आहे. शर्यतीसाठी तयार केलेली इंजिने ४०० च्या बरीच पुढे जात.

तीन वर्षांत इंजिन बाहेरून तेच दिसले तरी आतून बदलत गेले. १९६७ च्या क्रँकशाफ्टचे मेन जर्नल (बेअरिंगांत फिरणारे गोल भाग) २.३० इंचांचे आहेत, १९६८ पासून २.४५ इंचांचे. कनेक्टिंग रॉडचे जर्नलही २.०० वरून २.१० इंचांवर गेले. म्हणून १९६७ चा क्रँक नंतरच्या ब्लॉकमध्ये सरळ बसत नाही आणि बेअरिंगांची अदलाबदल होत नाही. १९६९ मध्ये मधल्या मेन बेअरिंग कॅपना दोनऐवजी चार बोल्ट आले.

पर्यायात काय मिळे

झेड२८ हा ऑर्डरच्या फॉर्मवरचा पर्याय-क्रमांक. १९६७ मध्ये त्याची मूळ किंमत ३५८.१० डॉलर होती, पण तेवढ्यावर भागत नसे. चार गतींचा हाती गिअरबॉक्स आणि पुढची पॉवर डिस्क ब्रेक घेणे सक्तीचे होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि वातानुकूलन या गाडीत मिळतच नसे. जलद स्टिअरिंग, कडक सस्पेन्शन, १५ इंची चाके, १२ बोल्टांचे मागचे डिफरन्शियल आणि ३.७३ चा अंतिम गिअर हे पर्यायातच येई. बॉनेट व डिकीवरचे दोन रुंद पट्टे ही ओळखीची खूण. १९६७ च्या गाडीवर झेड/२८ असे कुठेच लिहिलेले नाही. १९६८ मध्ये आधी मडगार्डवर ‘३०२’ हा बिल्ला आला आणि त्याच वर्षी पुढे ‘झेड/२८’. एक्झॉस्टचे हेडर (धूर मोकळेपणाने बाहेर नेणाऱ्या नळ्या) हवे असतील तर कारखान्यातून ते डिकीत ठेवून येत आणि घेणाऱ्याने बसवून घ्यायचे असत.

जनरल मोटर्सने १९६३ पासून शर्यतींतून अधिकृतपणे अंग काढून घेतले होते. म्हणून शर्यतीचे भाग ‘हेवी-ड्युटी’ म्हणून सुट्या भागांच्या खिडकीतून विकले जात. दोन होली कार्ब्युरेटर तिरपे मांडलेला क्रॉस-रॅम मॅनिफोल्ड असाच मिळे. चारही चाकांना डिस्क ब्रेक देणारा जेएल८ पर्याय १९६९ मध्ये कारखान्यातूनच निघाला, पण तो फक्त २०६ गाड्यांना लागला. आज त्या ब्रेकचा एखादा मूळ भागही सहजासहजी हाती लागत नाही.

उत्पादन १९६७ मध्ये ६०२, १९६८ मध्ये ७,१९९ आणि १९६९ मध्ये २०,३०२ गाड्यांचे झाले. शर्यतीच्या मान्यतेसाठी एक हजार गाड्या लागत असताना ६०२ कशा चालल्या, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. शेव्हरोलेने आधी ३५० घन इंचांच्या कॅमारोला गट १ मध्ये (कारखान्यातून निघते तशी गाडी) मान्यता मिळवली आणि झेड/२८ चे भाग त्याच गाडीचे पर्याय म्हणून गट २ मध्ये (सुधारलेली गाडी) दाखवले.

चालवताना आणि सांभाळताना

चार हजार फेऱ्यांच्या खाली हे इंजिन आळशी आहे. क्लोज-रेशो गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.२० चा. ३.७३ ने गुणले तर एकूण ८.२ होतात, आणि एवढ्यावर गाडी जागेवरून उचलायची तर क्लच थोडा घसरवावाच लागतो. गर्दीत अशी गाडी रोज चालवली की क्लच प्लेट जळते आणि प्लग काजळून मिसफायर सुरू होतो. कार्ब्युरेटर बिघडला असे समजून त्याचे जेट बदलण्याआधी प्लग काढून पाहावेत. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

इंजिनाचे टॅपेट (कॅमशाफ्टचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारे भाग) सॉलिड आहेत, हायड्रॉलिक नाहीत. कॅमशाफ्टला ‘३०-३०’ म्हणतात, कारण इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) आणि व्हॉल्व्ह यांच्यात ०.०३० इंच (०.७६ मिमी) गॅप ठेवायची असते, तीही इंजिन पूर्ण गरम असताना. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडू लागला की त्याच सिलिंडरच्या इनटेकची गॅप घ्यावी. इनटेक पूर्ण उघडून मिटत आला की एक्झॉस्टची घ्यावी. फीलर गेजची पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे. सैल फिरली तर गॅप जास्त, ओढावी लागली तर कमी. गॅप कमी राहिली तर व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. सेटिंग आठ-पंधरा दिवसांत पुन्हा हलत असेल तर रॉकरच्या नटची पकड गेली आहे का ते पाहावे. नट घट्ट असूनही गॅप वाढत असेल तर हेडमध्ये दाबून बसवलेला स्टड वर सरकतो आहे असे समजावे. त्याला आटे पाडून स्क्रूचा स्टड बसवणे हाच पक्का उपाय. बरोबर सेटिंग असतानाही या इंजिनाची टकटक ऐकू येतेच. ती बंद करण्याच्या नादात गॅप कमी करू नये.

नवा कॅमशाफ्ट घातल्यावर पहिली वीस मिनिटे निर्णायक असतात. इंजिन सुरू होताच २,००० ते २,५०० फेऱ्यांवर धरावे, आयडलला सोडू नये, आणि जस्त-फॉस्फरसयुक्त तेल वापरावे. आजच्या प्रवासी गाड्यांच्या तेलात हे घटक कमी असतात. तेच तेल घातल्यामुळे कॅमचे उंचवटे थोड्याच वेळात घासून सपाट झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि त्या घासलेल्या लोखंडाची भुकटी मग सगळ्या बेअरिंगांत फिरते. ११:१ कॉम्प्रेशनला त्या काळचे शिसेयुक्त उंच ऑक्टेनचे पेट्रोल गृहीत धरले होते. आजच्या साध्या पेट्रोलवर चढात नॉकिंग होते. त्यासाठी इग्निशन थोडे मागे घेतात किंवा इंजिन उघडले असताना कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन घालतात.

१९६७ च्या गाडीला मागच्या प्रत्येक स्प्रिंगमध्ये एकच पाटा आहे. जोरात निघताना धुरा पाट्यावर पीळ घेतो, सुटतो, पुन्हा पीळ घेतो आणि मागची चाके उड्या मारू लागतात. झेड/२८ ला उजव्या बाजूस धुरा धरून ठेवणारा एक दांडा देऊन हे थोडे आवरले होते. खरा इलाज १९६८ मध्ये आला: अनेक पाट्यांची स्प्रिंग, आणि मागचा एक शॉकअब्सॉर्बर धुऱ्याच्या पुढे तर दुसरा मागे.

सर्वांत धोक्याची गोष्ट इंजिन ज्यांवर बसते त्या रबरी फाउंडेशनची. डाव्या बाजूचे रबर धातूपासून सुटले की जोर देताच इंजिन त्या बाजूने वर उचलते, त्याबरोबर अ‍ॅक्सिलरेटरचा दुवा ओढला जातो आणि थ्रॉटल आणखी उघडते. ब्रेक बूस्टरची नळी निसटली तर ब्रेकही जड होतो. १९६५ ते १९६९ दरम्यानच्या शेव्हरोलेच्या सुमारे ६७ लाख गाड्या १९७१ मध्ये याच दोषासाठी परत बोलावल्या गेल्या आणि इंजिन उचलू नये म्हणून त्यांना तारेचा दोर बसवण्यात आला. जुनी गाडी घेताना टॉमी (लोखंडी पहार) घालून इंजिन डावीकडून उचलून पाहावे. रबर व पत्रा यांत फट दिसली तर गाडी तशीच चालवत नेऊ नये. नवे फाउंडेशन घेताना रबर सुटले तरी धातू धातूत अडकून राहील असे घ्यावे.

गंज पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत, डिकीच्या तळात आणि मागच्या चाकांभोवतीच्या पत्र्यात आधी लागतो. पुढची सबफ्रेम रबरी बुशांवर बोल्टने बसवलेली आहे. बुश दबले की दारे लागेनाशी होतात, आणि लोक बिजागऱ्या ठोकत बसतात.

ट्रान्स-अ‍ॅम

१९६७ चे विजेतेपद फोर्डला गेले. रॉजर पेन्स्के यांच्या संघाच्या गाडीतून मार्क डोनोह्यू यांनी त्या वर्षी तीन शर्यती जिंकल्या. पुढच्या वर्षी तेरापैकी दहा शर्यती एकट्या डोनोह्यू यांनी मारल्या आणि विजेतेपद शेव्हरोलेकडे आले. त्याच वर्षी सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत पेन्स्के यांच्या दोन कॅमारो एकंदरीत तिसऱ्या आणि चौथ्या आल्या. १९६९ मध्ये फोर्डने बॉस ३०२ मस्टँग उतरवूनही विजेतेपद शेव्हरोलेने राखले. पेन्स्के संघाने वजन घटवण्यासाठी गाडीचा पत्रा आम्लात बुडवून पातळ केला होता. १९६९ च्या त्यांच्या गाड्यांवर व्हिनाइलचे छप्पर दिसते ते शोभेसाठी नव्हे, पातळ पत्र्याच्या लाटा झाकण्यासाठी, असे सांगितले जाते. १९७० मध्ये हा संघ अमेरिकन मोटर्सकडे गेला आणि विजेतेपद फोर्डकडे. त्या वर्षापासून रस्त्यावरच्या मोठ्या इंजिनाची क्षमता शर्यतीपुरती घटवण्यास परवानगी मिळाली. साहजिकच ३०२ ची गरज संपली आणि १९७० च्या झेड२८ मध्ये ३६० अश्वशक्तीचे ५.७ लिटर इंजिन आले.

मालिकेचे नाव मात्र पाँटिॲकने उचलले. फायरबर्ड ट्रान्स अ‍ॅम या गाडीच्या प्रत्येक नगामागे स्पोर्ट्स कार क्लबला ५ डॉलर दिले जात. तिचे ६.६ लिटरचे इंजिन त्या शर्यतीत बसत नव्हते.

इतर खास आवृत्त्या

१९६७ आणि १९६९ मध्ये इंडियानापोलिस ५०० या शर्यतीची पेस कार (सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे चालणारी गाडी) कॅमारो होती. १९६९ च्या पेस कारसारख्या पांढऱ्या, नारिंगी पट्ट्यांच्या उघड्या छपराच्या ३,६७५ गाड्या विकल्या गेल्या. त्या देखण्या आहेत, शर्यतीशी त्यांचा संबंध रंगापुरताच. झेडएल१ ची गोष्ट वेगळी. ड्रॅग (सरळ रेषेतल्या) शर्यतीसाठी इलिनॉयमधील विक्रेते फ्रेड गिब यांनी विशेष ऑर्डरने मागवलेल्या या १९६९ च्या गाडीत संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे ७ लिटर इंजिन होते. त्या एकूण ६९ झाल्या. केवळ इंजिनाचीच किंमत ४,००० डॉलरच्या वर गेल्याने कित्येक गाड्या विक्रेत्यांकडे पडून राहिल्या.

१९८५ ची आयरॉक-झेड ही इंटरनॅशनल रेस ऑफ चँपियन्स या शर्यतीवरून आली. लोकप्रियता तिला मिळाली, पण अभ्यासाच्या दृष्टीने १९८८ ची १एलई अधिक मोलाची. जाहिरातपत्रकात ती नव्हती. जी९२ हा ॲक्सलचा पर्याय घेऊन वातानुकूलन वगळले की आपोआप मोठ्या डिस्क, अ‍ॅल्युमिनियमचे कॅलिपर आणि आडपडदे घातलेली पेट्रोल टाकी मिळे. लांब वळणात पेट्रोल एका अंगाला जाऊन पंप कोरडा पडे, आणि लहान डिस्क दमाच्या शर्यतीत तापून निकामी होत. या दोन्ही तक्रारी शर्यतवाल्यांच्याच होत्या. पहिल्या वर्षी अशा अवघ्या ४ गाड्या निघाल्या. २०१४ च्या झेड/२८ मध्ये ७ लिटरचे ५०५ अश्वशक्तीचे इंजिन, कार्बन-सिरॅमिक ब्रेक आणि चारही चाकांना ३०५ मिमी रुंद टायर होते. टायरची पकड इतकी की ते रिमवरच घसरू लागले. शेवटी रिमची आतली कड बारीक कणांचा मारा करून खरबरीत करावी लागली.

अस्सल कशी ओळखावी

१९६७ ते १९६९ च्या चासी क्रमांकातून इंजिनाबद्दल फक्त सहा सिलिंडर की व्ही-८ एवढेच कळते, झेड/२८ आहे की नाही ते कळत नाही. इंजिनाच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यातील सपाट पट्टीवर तारीख आणि संकेताक्षरे ठोकलेली असतात: १९६७ व १९६८ साठी ‘एमओ’ (१९६७ मध्ये हवेच्या पंपासह ‘एमपी’), १९६९ साठी ‘डीझेड’. १९६९ च्या काही इंजिनांचा ३९७००१० हा ब्लॉक पुढे अनेक वर्षे साध्या ३५० इंजिनात वापरला गेला, आणि दोन्हींचा बोअर एकच आहे. त्यामुळे पट्टी घासून नवी अक्षरे ठोकणे सोपे. मूळ पट्टीवर यंत्राने उमटलेल्या बारीक समांतर रेषा पुढून मागे जातात. त्या नसतील, किंवा आडव्या असतील, तर ती पट्टी पुन्हा घासलेली आहे. ब्लॉकच्या मागच्या कडेला ओतकामाची तारीख असते. ती ठोकलेल्या तारखेच्या आधीचीच हवी आणि दोन्ही तारखा गाडी तयार होण्याच्या आधीच्या हव्यात. नॉरवुड कारखान्यातील १९६९ च्या बऱ्याच गाड्यांच्या बॉडीवरील माहिती-पाटीवर ‘एक्स३३’ किंवा ‘एक्स७७’ असते, आणि ते झेड/२८ चे चांगले प्रमाण मानले जाते. व्हॅन नाइस या दुसऱ्या कारखान्याच्या पाट्यांवर हे संकेत नाहीत. तिथल्या गाडीसाठी मूळ विक्री-कागद किंवा मालकाला मिळणारी धातूची वॉरंटी-पाटी पाहावी लागते. कॅनडात विकलेल्या गाडीची नोंद जनरल मोटर्सच्या कॅनडातील कचेरीकडून मिळू शकते.