नोकरी दिली तरी टिकत नाहीत?

‘तृतीयपंथीयांना नोकरी दिली तरी ते टिकत नाहीत, त्यांना मागून खायचीच सवय’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. सोबत कोची मेट्रोचा दाखला असतो. तिथे नेमकं काय झालं?

2017 मध्ये कोची मेट्रोने वीसहून अधिक ट्रान्स व्यक्तींना तिकीट खिडकी आणि साफसफाईच्या कामावर घेतलं. महिन्याभरात 8 जणांनी काम सोडलं. इथवर खरं आहे. पण कारण कामाचा कंटाळा हे नव्हतं. शहरात कुणी भाड्याने खोली देईना! काहीजणी लॉजवर राहत होत्या, भाडं दिवसाला 600 रुपयांपर्यंत. म्हणजे महिन्याचे 18 हजार, आणि साफसफाईचा पगार जेमतेम 9-10 हजार. या हिशेबात कोण टिकेल? उलट अशातही ज्या त्या महिन्यात कामावर येत राहिल्या, त्यांचंच मला जास्त कौतुक वाटतं.

घर भाड्याने देताना भेदभाव करायला 2019 च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्याने मनाई केली आहे. प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणंही त्यात बंधनकारक आहे. त्यामुळे कुणी नोकरी सोडली, तर आधी विचारा: ती राहत कुठे होती?